दारात मावेल तेवढं यंत्र

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर पुण्याचा जुना रस्ता, गोव्याचा रस्ता आणि न्हावा-शेवा बंदराचा रस्ता एकमेकांना भेटतात. बंदराच्या रस्त्यावर दिवसरात्र कंटेनरांची रांग असते. तिच्यात मधूनच एखादा बसका लो-बेड ट्रेलर दिसतो. वर ताडपत्रीत गुंडाळलेला बोजा, कडांना लाल फडकी. बघणाऱ्याला बॉयलर वाटतो, पण तो एखाद्या परदेशी शीतगृहाचा ऐवजही असू शकतो: अमोनियाचा कंडेन्सर, रिसीव्हर, नाहीतर मोटर, तेलाची टाकी आणि स्क्रू कॉम्प्रेसर एकाच पोलादी चौकटीवर बसवलेला पंधरा-वीस टनांचा संच. कारखान्यात त्याला ‘स्किड’ म्हणतात.

अशी यंत्रं घाटावर घडतात आणि कोकणातून जहाजावर चढतात. हडपसरच्या किर्लोस्कर न्यूमॅटिकची स्थापना १९५८ची, आणि अमोनिया कॉम्प्रेसर हे तिचं जुनं काम. घाटावरचा माल खाडीपर्यंत पोचवणं हा पनवेलचा धंदाही जुनाच. बैलगाड्यांच्या काळात चाकं बनवण्यासाठी या गावाचं नाव होतं.

यंत्र किती मोठं करायचं, हे किती टन थंडी हवी यावर ठरतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आणखी एक माप आडवं येतं, ते कंटेनरच्या दाराचं. साध्या कंटेनरचं दार सुमारे २.३४ मीटर रुंद आणि २.२८ मीटर उंच असतं. ‘हाय क्यूब’ घेतला तर उंची २.५८ मीटरपर्यंत जाते, रुंदी तेवढीच राहते. त्या रुंदीपलीकडे चार बोटं जरी यंत्र गेलं, तरी ते बाजूच्या भिंती नसलेल्या ‘फ्लॅट रॅक’वर चढवावं लागतं. मग जहाजावर शेजारच्या कंटेनरांच्या जागा अडतात आणि त्या रिकाम्या जागांचं भाडंही यंत्राच्याच माथी बसतं. म्हणून जाणकार ड्राफ्ट्समन एखादा व्हॉल्व्ह आडवा फिरवतो, तेलाचा सेपरेटर सुटा पाठवायचं ठरवतो, पाइपाला मुद्दाम फ्लँजचा जोड देतो. यंत्रावर विनाकारण दिसणारे अनेक जोड असे प्रवासापायी आलेले असतात.

रस्त्याचं माप वेगळं. बोजा २.६ मीटरहून रुंद झाला की गाडी ‘ओडीसी’, म्हणजे मापाबाहेरच्या बोज्याची, ठरते आणि परवानगी, ठरावीक वेळा, पुढे-मागे पायलट गाडी हे सगळं ओघानं येतं. बोरघाटात द्रुतगती मार्गावर १८३०चा अमृतांजन पूल उभा होता. त्याच्या खांबांमुळे रस्ता तिथे आवळल्यासारखा होई. एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीत रस्ता रिकामा असताना, तो सुरुंगानं पाडला. जुन्या वास्तूची हळहळ अनेकांना वाटली, मलाही. रुंद बोजा घेऊन उतरणाऱ्या चालकांना ती वाटली असेल असं मात्र वाटत नाही.

खरी कारागिरी आहे ती बांधणीत. आयुष्यभर एका खोलीत, काँक्रीटच्या पायावर राहायला केलेलं हे यंत्र एकदाच प्रवास करतं, आणि त्यासाठी त्याला जवळजवळ आजारी माणसासारखं तयार करावं लागतं. कॉम्प्रेसरमधलं तेल काढतात. अमोनिया सोबत जात नाही. तो तिकडेच भरायचा असतो. रिकाम्या भांड्यांत आणि पाइपांत कोरडा नायट्रोजन थोड्या दाबानं भरून गेज लावतात. पलीकडच्या फिटरनं आधी तो काटा बघायचा. काटा शून्यावर असेल तर वाटेत दमट हवा आत शिरलेली असते, आणि गंज धरला आहे का हे उघडून तपासावं लागतं. मोटरचा शाफ्ट जखडून टाकतात. उभ्या यंत्राला सतत हादरे बसले तर बेअरिंगचे रोलर आपल्याच वाटेत खळगे पाडतात, आणि हा दोष यंत्र सुरू झाल्यावर आवाजातूनच कळतो.

यंत्राखाली ठेवलेल्या लाकडालाही कायदा आहे. लाकडातून कीड परदेशी जाऊ नये म्हणून त्याचा गाभा ५६ अंश सेल्सिअसवर सलग ३० मिनिटं तापवून शिक्का मारावा लागतो. तो शिक्का नसेल तर कोट्यवधींचं यंत्र खालच्या गुटक्यांपायी परदेशी बंदरात अडकतं. मग पट्टे, साखळ्या, टर्नबकल. खवळलेल्या समुद्रात जहाज डोलताना आडवा जोर वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत धरतात. म्हणजे वीस टनांचं यंत्र सोळा टनांनी बाजूला ओढणार. मुकादमाची नजर तिथे असते.

ही यंत्रं जिथून जहाजावर चढतात, ते न्हावा-शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांचं जमिनीसाठीचं आंदोलन त्याआधीचं, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व आलं. बंदराच्या कौतुकात ही गोष्ट सहसा सुटते.

याच बंदराकडे तळोज्याच्या कारखान्यांतली गोठवलेली मासळीही रीफर, म्हणजे आतून थंड ठेवलेल्या, कंटेनरांतून जाते. म्हणजे थंड माल आणि थंडी करणारं यंत्र, दोन्ही एकाच गेटातून. १८३३मध्ये बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं ‘टस्कनी’ जहाजातून १८० टन बर्फ कलकत्त्याला धाडला होता. वाटेत वितळून जवळपास १०० टन पोचला. तेव्हा आपण थंडीचे गिऱ्हाईक होतो.

जुलै २०१६पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन दिल्याखेरीज तो जहाजावर चढत नाही. पण वजनाचा प्रश्न त्याच्याही आधी, ऑर्डर घेतानाच येतो. न्हावा-शेव्यात क्रेन हवी तशी मिळते. पलीकडे, बंदरापासून दूर एखाद्या गावातल्या बर्फाच्या कारखान्यात बारा टनांचीच क्रेन असेल, तर वीस टनांचा संच तिथे उतरवणार कोण? चांगला निर्यातदार हा प्रश्न आधी विचारतो, आणि उत्तर ऐकून यंत्राचे दोन तुकडे करतो.