पहिलं वळण

ग्रेहाउंडची शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याचे डोळे शेवटच्या रेषेवर खिळलेले असतात. रोजची माणसं मात्र पहिल्या वळणाकडे बघतात. इंग्लिश ग्रेहाउंड डर्बीची ५०० मीटरची धाव जेमतेम २९ सेकंदांची. सहा कुत्री पेट्यांतून सुटतात आणि थोड्याच अंतरावर सहाही जणांना आतल्या कठड्यालगतची तीच वीतभर वाट हवी असते. बरेचदा निकाल तिथेच लागतो.

ही डर्बी १९२७ साली लंडनच्या व्हाइट सिटीत सुरू झाली. १९८५पासून ती विम्बल्डनला होती. लंडनची मैदानं एकामागून एक बंद पडली, २०१७ साली विम्बल्डनही गेलं, आणि आता ती नॉर्दम्प्टनशायरमधल्या टोस्टर या छोट्या गावी होते. डर्बी पूर्ण भरली तर १९२ कुत्री असतात. पहिल्या फेरीत ३२ शर्यती, प्रत्येकीतले पहिले तीन पुढे, बाकीचे घरी. दर फेरीला संख्या निम्मी होत जाते: ९६, ४८, २४, १२ आणि शेवटी सहा. विजेत्याला काही आठवड्यांत सहा वेळा हे वळण घ्यावं लागतं. पाचदा ते नीट घेतलं आणि सहाव्यांदा कुणाचा तरी खांदा लागला, की संपलं.

मला सगळ्यात जास्त गुंतवून ठेवतं ते शर्यतीआधीचं काम. कुत्रं आलं की कानात गोंदलेली अक्षरं आणि कातडीखालची चिप त्याच्या नोंदवहीशी ताडून बघतात. मग काटा. मागच्या धावेच्या तुलनेत वजनात एक किलोहून जास्त फरक निघाला तर कुत्रं त्या दिवशी पळत नाही. पशुवैद्य त्याला चालवून बघतो, पाय दुमडून, सांधे दाबून बघतो. त्यानंतर त्याला कुलूपबंद कोठडीत ठेवतात. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत मालक शेवटच्या घटकेपर्यंत बैलाच्या पाठीवर हात ठेवून असतो. इथे कुलूप लागलं की मालकाने लांब व्हायचं. कार्यक्रमपत्रिकेवर कुत्र्याचं भारदस्त नाव छापलेलं असतं, पण हाताळणारी मुलगी त्याला दोन अक्षरी घरच्या नावाने हाक मारते आणि त्याचे कान त्याच नावाला टवकारतात.

तिथून बाहेर येतात ती जाकीट आणि मुसकं चढवूनच. एक नंबरला लाल, दोनला निळं, तीनला पांढरं, चारला काळं, पाचला नारिंगी, सहाला काळे-पांढरे पट्टे. हे रंग पाठ असल्याशिवाय शर्यत वाचताच येत नाही. कोण कुठल्या पेटीत, हेही तितकंच महत्त्वाचं. काही कुत्री जन्मजात कठडा धरून पळतात, काहींना बाहेरची मोकळी जागा लागते. बाहेरून पळणाऱ्याच्या नावापुढे ‘वाइड’ अशी खूण असते आणि त्याला बाहेरच्या पेट्या देतात. कठडा धरणारं कुत्रं पाचव्या पेटीत गेलं, तर वळणाआधी ते आत घुसणार आणि मधल्या दोघा-तिघांची वाट कापणार, हे पेट्या उघडण्याआधीच दिसत असतं.

कुत्र्याला मागून पेटीत ढकलायचं, दार लावायचं आणि धावत बाजूला व्हायचं. आतून पंज्यांची खरखर आणि केविलवाणं किंचाळणं ऐकू येतं. ते भीतीचं नाही. ग्रेहाउंड डोळ्यांनी शिकार करणारी जात, आणि रुळावरून येणाऱ्या नकली सशाचा आवाज त्याने ओळखलेला असतो. ससा चालवणारा माणूस उंचावर बसून पुढच्या कुत्र्याकडे बघत वेग कमी-जास्त करतो. ससा पेट्यांच्या दहा-बारा मीटर पुढे गेला की झडप वर उडते. पूर्ण वेगातल्या ग्रेहाउंडचे चारही पाय एका ढांगेत दोनदा जमिनीवरून सुटतात: एकदा अंग ताणलेलं असताना, एकदा गोळा झालेलं असताना. ताशी साठ किलोमीटरच्या पुढे पळणाऱ्या या देहाला वळणावर अचानक डावीकडे कलावं लागतं.

मग वाळू उडते. धाव संपल्यावर छायाचित्र बघून निकाल देतात; एका कुत्र्याची लांबी म्हणजे ०.०८ सेकंद, असा हिशेब. कुत्र्याच्या नोंदीत प्रत्येक धाव अर्ध्या ओळीत उरते: उशिरा सुटला, पहिल्या वळणावर धक्का, शेवटी जोर. पुढच्या शर्यतीआधी ट्रॅक्टर फणी ओढत वाळू सारखी करतो, पाणी मारतात.

या वळणाला हरवणारेही झाले. वेस्टमीड हॉक पेटीतून रेंगाळत सुटायचा, मागे राहायचा, आणि पुढची गर्दी विस्कटली की शेवटच्या टप्प्यात एकेकाला गाठायचा. २००५ आणि २००६ अशा दोन्ही डर्बी त्याने जिंकल्या. मादाम तुसाँच्या संग्रहालयात त्याचा मेणाचा पुतळा बसवला गेला. पण असं कुत्रं विरळा. बाकीच्यांना त्या गर्दीतूनच जावं लागतं.

आणि दुखापतीही तिथेच होतात. कुत्री घड्याळाच्या उलट दिशेने पळतात, त्यामुळे वळणावर मागच्या उजव्या पायाच्या घोट्यावर मोठा भार येतो. तिथलं छोटं हाड मोडणं ही या खेळाची ओळखीची जखम आहे. परतलेल्या कुत्र्याचे पाय धुताना हाताळणाऱ्याची बोटं आधी तोच घोटा चाचपतात. ब्रिटनमध्ये २०२०पासून प्रत्येक कुत्र्यामागे निवृत्तीसाठी ४०० पौंडांची ठेव सुरू झाली, हे चांगलंच झालं. पण ती ठेव वळणानंतरची सोय आहे. वेल्सच्या सरकारने फेब्रुवारी २०२५मध्ये या शर्यतींवर बंदी आणण्याचं जाहीर केलं. त्याआधी डिसेंबर २०२४मध्ये न्यूझीलंडनेही तेच ठरवलं. मला त्या निर्णयांचा राग येत नाही. मी ही कुत्री जवळून पाहिली आहेत. त्यांना पळायचं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्यांना वळायचं असतं, असं मात्र कुणी म्हणू शकणार नाही. ऑस्ट्रेलियात हिल्सव्हिलला सरळ ट्रॅक आहे. पेटीपासून रेषेपर्यंत एकही वळण नाही. तिथे पेटीच्या नंबराचं महत्त्व कमी होतं, आडवं कापण्याचं कारण कमी होतं, आणि डर्बीची निम्मी उत्कंठाही जाते. ती गेली तरी चालेल. इंग्लंडने डर्बी टिकवायची ठरवली, तर ती अशाच ट्रॅकवर व्हावी.