शेतात फोटो निघेना? आधी परवानगी तपासा

आपण बांधावर उभ्या आहोत. ई-पीक पाहणीचं ॲप उघडलं, पण कॅमेराच चालू होईना. नाहीतर लोकेशन मिळेना. मागच्या हंगामात तर सगळं नीट झालं होतं! मग वाटतं, आपल्यालाच जमत नाही. तसं नसतं, ताई.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपला पेरा आपणच या ॲपवर नोंदवतो. वडगाव रासाईच्या शिवारातला ऊस असो की कांदा, नोंद सातबाऱ्यावर लागते. नुकसानभरपाई, पीकविमा, हमीभाव यांसाठी ती लागते. म्हणून मुदत चुकवून चालत नाही.

मग अडतं कुठं? ॲपला कॅमेरा आणि लोकेशन वापरायला आपली परवानगी लागते. हे ॲप आपण हंगामातून एकदाच उघडतो. काही महिने न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या अँड्रॉइड फोन स्वतःच काढून घेतो. शिवाय आपण दोनदा ‘नको’ दाबलं, तर नव्या फोनवर ॲप पुन्हा विचारतच नाही.

उपाय असा. सेटिंग्जमध्ये जा, ‘ॲप्स’ उघडा, ई-पीक पाहणी निवडा आणि ‘परवानग्या’ दाबा. कॅमेरा आणि लोकेशन या दोन्हींना ‘ॲप वापरताना’ एवढीच मुभा द्या. लोकेशनमध्ये ‘अचूक’चं बटण असेल तर तेही चालू करा, अंदाजे जागेवरून गट कळत नाही. फोनचं लोकेशन चालू आहे ना, तेही बघा. ॲप बंद करून पुन्हा उघडा. कंपनीप्रमाणे शब्द थोडे बदलतात, वाट तीच.

तरीही अडलं तर तलाठी कार्यालयात विचारा. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून ॲप घेऊ नका. प्ले स्टोअरवरूनच घ्या.

आता उलट बाजू. मोटारीची किल्ली आपण पाणी धरणाऱ्याला देतो, कपाटाची देत नाही. तसंच इथं. पिकाच्या फोटोला कॅमेरा लागतो, आपले मेसेज कशाला? मेसेजमध्ये बँकेचा ओटीपी येतो. कर्ज देणारं ॲप फोनमधले नंबर मागत असेल तर सावध व्हा. प्ले स्टोअरने ३१ मे २०२३ पासून कर्जाच्या ॲपना फोनमधले नंबर आणि फोटो घ्यायला बंदी केली आहे.

पैसे गेलेच, तर लाजू नका, थांबू नका. लगेच १९३० ला फोन करा.

पुढच्या गटाच्या बैठकीत सगळ्याजणी फोन घेऊन बसा. कुठल्या ॲपकडे कुठली किल्ली आहे, ते एकदा बघून घ्या.