घरचा तंबोरा

पुष्कळ जुन्या घरांतून दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत गवसणी घातलेला एक तंबोरा उभा असतो. आजोबांच्या वेळचा म्हणून त्यास मान असतो, दसऱ्यास फूलही वाहिलें जातें. परंतु ‘तो आतां बोलत नाहीं’ अशी समजूत झालेली असते, आणि गाणें शिकणाऱ्या मुलीस विजेवर चालणारी पेटी आणून दिली जाते. वाद्य तपासून पाहावें, तर बहुधा भोपळा शाबूत व दांडी सरळ! गंजलेल्या तारा आणि झिजलेली घोडी, एवढेंच त्याचें दुखणें. पैकीं पहिलें घरीं बरें करतां येतें; दुसऱ्यास हात लावूं नये, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों.

सातारकरांचा शत्रु पावसाळा. दमट हवेनें पोलादी तारा गंजतात व खुंट्या फुगून बसतात. सांगलीकडे उन्हाळ्याच्या कोरड्या हवेंत त्याच खुंट्या आकसून निसटूं लागतात. त्यांस साधा खडू चोळला म्हणजे त्या धरतात.

सर्व तारा एकदम उतरूं नयेत. दाब गेला कीं घोडी जागची सरकते. एक काढावी व तिच्याच जाडीची नवी चढवावी. खालच्या टोकास फांसा करून तो भोपळ्याच्या बुडाशीं अडकवावा, मणी ओवावा, तार घोडीवरून वर नेऊन खुंटींत घालावी आणि खुंटी हळूहळू पिळावी. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते. तो वाद्याचा दोष नव्हे.

मग घोडी व तार यांमध्यें सुती दोऱ्याचा तुकडा घालून मागेंपुढें सरकवावा. एका जागीं तार एकाएकीं उघडते व स्वर गुंजूं लागतो. हीच जवारी. घोडीचा माथा अगदीं सपाट नसून किंचित उतरता घडविलेला असतो. कंप पावणारी तार त्यास स्पर्श करीत राहते, म्हणून एका स्वरांतून अनेक उपस्वर झरतात. एरव्हीं तार जेथें छेडल्यानें जे उपस्वर उमटूं नयेत, तेही या घोडीमुळें ऐकूं येतात, हें चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं दाखवून दिलें.

दोऱ्यानेंही तार उघडली नाहीं, तर घोडीस खाचा पडल्या असें समजावें. येथें कानस हातीं घेण्याचा मोह होतो, विशेषतः घरांतील हुषार पुरुषमंडळींस! पण केसाएवढें अधिक घासलें गेलें कीं स्वर बद्द होतो. अशा वेळीं मिरजच गांठावी. सातारकरांस तर थेट आगगाडी आहे. शस्त्रें घडविणाऱ्या शिकलगारांपैकीं फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथें हा व्यवसाय रुजविला. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. खांसाहेब अब्दुल करीम खां (मृत्यु १९३७) यांनीं तेथेंच बिऱ्हाड केलें होतें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळालें. परंतु मानांकनानें कारागिराची चूल पेटत नाहीं, त्याच्या दारीं वाद्यें यावीं लागतात.

नेतांना तारा थोड्या सैल कराव्या, भोपळ्यास गोधडी गुंडाळावी, आणि गाणाऱ्या मुलीस बरोबर न्यावें. जवारी कोणत्या पट्टीस काढावयाची, हें कारागीर तिच्या गळ्यावरून ठरवील.