मोटार-होडीची निगा आणि सज्जता
अर्नाळा किनाऱ्यावरील नाखवे, तांडेल व ग्रामपातळीवरील कार्यकर्ते यांच्यासाठी

शेतकऱ्यास नांगर व बैलजोडी यांची जी किंमत, तीच किनाऱ्यावरील मच्छीमारास होडीची असते. राज्य शासनाने २०२५ साली मत्स्यव्यवसायास कृषीसमान दर्जा दिला. तेव्हा पिकांच्या व जनावरांच्या निगेबरोबर होडीच्या निगेचा विचारही या पानांतून होणे उचित आहे. पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या उत्तर टोकास, वैतरणा नदीच्या मुखाशी वसलेले अर्नाळा हे गाव या दृष्टीने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. येथे डोल जाळ्यांची बोंबील-मासेमारी चालते आणि समोरच्या बेटावरील अर्नाळा किल्ला या वस्तीचे दळणवळणही होडीवरच अवलंबून असते. किनाऱ्यावरील माणसाची रोजी आणि बेटावरील माणसाची ये-जा अशी दोन्ही कामे होडीच्या इंजिनावर येऊन पडली आहेत.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात मुंबई राज्यात होड्यांना इंजिने बसविण्याचे काम सुरू झाले. अन्य काही किनाऱ्यांवर त्यासाठी नव्या घडणीच्या नौका बांधाव्या लागल्या. आपल्या किनाऱ्यावरील जुन्या होड्यांची घडण मात्र इंजिन सोसण्याजोगी असल्याने त्यांतच इंजिन बसविता आले. पुढे शीड व डोलकाठी हळूहळू मागे पडली. यामुळे वेळ वाचला व दूरची मासेमारी साधली, हे खरे. परंतु शिडाचा आधार गेल्यामुळे इंजिन बंद पडताच होडी सर्वस्वी वाऱ्याच्या व प्रवाहाच्या स्वाधीन होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. वैतरणेच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत. उधाणाच्या दिवसांत येथे भरती-ओहोटीच्या पातळीतील फरक चार मीटरच्या आसपास असतो व त्या प्रमाणात पाण्यास ओढही असते. अशा ठिकाणी इंजिन दहा मिनिटे बंद राहिले तरी होडी दांड्यावर आदळण्यास तेवढा वेळ पुरेसा होतो.

समुद्रात इंजिन बंद पडण्याची कारणे पाहिली असता ती बहुधा किरकोळ आढळतात. डिझेलमध्ये उतरलेले पाणी, तुंबलेली गाळणी, झिजलेला रबरी पंखा, बॅटरीचे सैल टोक किंवा पंख्यात गुंतलेले जाळे, हीच ती कारणे होत. यांपैकी बहुतेक दोष किनाऱ्यावर असतानाच थोड्या खर्चात दूर करता येतात. त्याची रीत पुढे दिली आहे.

बंदीचा काळ हाच दुरुस्तीचा काळ

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. हा काळ माशांच्या वाढीसाठी जसा उपयुक्त, तसाच होडीच्या निगेसाठीही. अनेक ठिकाणी मात्र होडी किनाऱ्यावर ओढली की तिच्याकडे जुलैच्या अखेरीपर्यंत कोणी पाहत नाही. मग नारळी पौर्णिमा जवळ येताच सर्व कामे एकदम निघतात व कारागीर मिळत नाहीत. याऐवजी इंजिनाचे काम होडी ओढल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात, लाकडाचे व रंगाचे काम उघडीप मिळेल तसे आणि जोडणी व चाचणी शेवटच्या पंधरवड्यात, अशी वाटणी करावी. किल्ल्याच्या प्रवासी होड्यांच्या बाबतीत, खेपा बंद राहतील ते दिवस या कामासाठी राखून ठेवावेत.

होडी किनाऱ्यावर घेताना

होडी उधाणाच्या रेषेच्या वर घ्यावी. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने पालघरपासून रायगडपर्यंतच्या किनाऱ्यास दिलेला तडाखा ध्यानात ठेवून, नेहमीच्या रेषेपेक्षा थोडी अधिक उंच जागा निवडणे हितावह होय. होडीचा सारा भार तळकण्यावर समान पडेल असे ओंडके खाली द्यावेत व दोन्ही बाजूंस टेकू लावावेत. होडी एका अंगावर कलती राहिल्यास तिच्या फळ्या ताणल्या जातात.

तळाचे बूच काढून ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत साचणार नाही. लाकडास समुद्राच्या पाण्यापेक्षा पावसाचे गोडे पाणी अधिक कुजविते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. होडीवर ताडपत्री किंवा झाप घालावा. परंतु वारा खेळता राहील अशी दोन्ही टोके मोकळी ठेवावीत. घट्ट गुंडाळलेल्या होडीत दमटपणा कोंडून लाकूड व इंजिन दोन्ही खराब होतात.

इंजिन बंद ठेवण्यापूर्वी

वापरलेल्या ऑईलमध्ये आम्ल व काजळी असते. ते दोन महिने इंजिनात तसेच राहिल्यास आतील गुळगुळीत भागांवर गंज चढतो. म्हणून ऑईल हंगामाच्या सुरुवातीस बदलण्याऐवजी होडी बंद ठेवण्यापूर्वीच बदलावे. इंजिन थोडा वेळ चालवून गरम करावे, गरम असतानाच ऑईल काढावे, गाळणी बदलावी आणि नवे ऑईल भरून इंजिन पुन्हा पाच मिनिटे चालवावे. काढलेले ऑईल दुधाळ दिसल्यास आत पाणी शिरले आहे असे समजून जाणत्या मेकॅनिकास दाखवावे. जुने ऑईल वाळूत किंवा खाडीत न ओतता डब्यात साठवून योग्य ठिकाणी द्यावे.

ज्या इंजिनात समुद्राचे पाणी फिरते, त्यात गोडे पाणी फिरवून मीठ धुऊन काढावे व नंतर सर्व पाणी निचरून टाकावे. पाण्याच्या पंपातील रबरी पंखा (इम्पेलर) काढून ठेवावा. तो पंपात दाबून राहिला तर त्याची पाती एका बाजूस वाकलेलीच राहतात व पुढे पाणी ओढत नाहीत. पात्याच्या मुळाशी चीर दिसल्यास तो पंखा पुन्हा बसवू नये. तुटलेले पाते सापडले नाही तर ते पाण्याच्या मार्गात अडकलेले असते. ते शोधून काढल्याखेरीज इंजिन चालवू नये.

होडीच्या मागे टांगावयाच्या बाहेरच्या (आऊटबोर्ड) इंजिनासही गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. त्याच्या दंतचक्रांचे तेल दुधाळ झाले असल्यास पंख्याजवळील सील गळते आहे असे जाणावे.

डिझेलची स्वच्छता

डिझेल इंजिनाचा सर्वांत मोठा शत्रू पाणी हा आहे. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने वाफेचे थेंब जमतात, ते तळाशी उतरतात आणि त्यांत शेवाळासारखा काळा गाळ वाढतो. शांत पाण्यात तो तळाशी बसून राहतो. लाटांत होडी हेलकावू लागली की वर येऊन गाळणीत अडकतो. यामुळेच बंदरात नीट चालणारे इंजिन नेमके खवळलेल्या पाण्यात बंद पडते.

टाकीच्या तळाचा नळ सोडून पाणी व गाळ काढावा. डिझेल भरताना बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. पाणी वेगळे करणारी गाळणी नसल्यास बसवून घ्यावी व रोज निघण्यापूर्वी तिच्या तळातील पाणी सोडावे. डिझेलची गाळणी बदलल्यावर नळीत हवा राहते. ती काढण्यासाठी गाळणीवरील स्क्रू सैल करून हातपंप चालवावा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागताच स्क्रू आवळावा आणि हीच क्रिया पुढे इंजेक्शन पंपावरील स्क्रूशी करावी. हे काम केवळ तांडेलास येऊन भागणार नाही. होडीवरील आणखी एका खलाशास तरी ते आलेच पाहिजे.

शाफ्ट, पंखा व जस्ताचे तुकडे

शाफ्ट होडीबाहेर जातो तेथील ग्लँडमधून, शाफ्ट फिरत असताना, मिनिटास काही थेंब पाणी येणे योग्यच आहे. ते पूर्ण बंद व्हावे म्हणून ग्लँड फार आवळल्यास शाफ्ट तापतो व त्यावर खाच पडते. पॅकिंग बदलताना दोरीची वेगवेगळी वर्तुळे कापावीत आणि त्यांचे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत.

पंख्याचे पाते वाकले असेल तर सबंध होडीस कंप सुटतो व त्याने ग्लँड, बेअरिंग व इंजिनाचे पाय ढिले होतात. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून बेअरिंगची झीज पाहावी. पंख्याच्या नटातील पिन दर वर्षी नवी घालावी. पितळी भाग गुलाबी दिसू लागला असल्यास त्यातील जस्त निघून गेले असून तो ठिसूळ झाला आहे असे समजावे.

खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू जवळ आले की त्यांतील एक झिजू लागतो. मौल्यवान पंखा व शाफ्ट वाचावेत म्हणून जस्ताचा तुकडा (अ‍ॅनोड) लावितात; तो स्वतः झिजून इतर धातूंस वाचवितो. तो निम्मा झिजला की बदलावा. त्यावर रंग लावू नये. रंग लावलेला जस्ताचा तुकडा निरुपयोगी होय.

लाकूड व फायबर

लाकडी होडीचा तळ खरवडून शिंपले व शेवाळ काढावे व टोच्याने ठिकठिकाणी हलके टोचून पाहावे. लाकूड मऊ लागल्यास किंवा बारीक छिद्रे दिसल्यास लाकूड पोखरणारा समुद्रकिडा आत शिरला आहे असे धरावे. वरून छिद्र टाचणीएवढे दिसले तरी आतील बोगदा बोटाएवढा असू शकतो. अशी फळी बदलणेच योग्य. सांध्यांतील जुना कापूस काढून, सांधा कोरडा करून नवा भरावा. तळाचा संरक्षक रंग होडी पाण्यात जाण्याच्या थोडेच दिवस आधी, डब्यावरील सूचनेप्रमाणे लावावा.

फायबरच्या होडीस निगा लागत नाही, हा समज चुकीचा आहे. वाळूवर ओढल्याने तिचा तळकणा झिजतो आणि चिरेतून पाणी थरांमध्ये शिरते. चीर पूर्ण वाळवून, घासून मगच कापड व राळ बसवावी. ओल्या पृष्ठभागावर लावलेले ठिगळ टिकत नाही.

पाण्यात उतरविताना

लाकडी होडी पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात व तिचा आकार किंचित बदलतो. यास्तव इंजिन व शाफ्ट यांची सरळ रेषा होडी एक-दोन दिवस पाण्यात राहिल्यानंतर पुन्हा तपासावी. जोडाच्या दोन चकत्यांमधील फट सर्व बाजूंनी सारखी असावी. एक दशांश मिलिमीटरहून अधिक फरक आढळल्यास इंजिनाचे पाय जुळवून घ्यावेत.

बॅटरी उंच जागी, पट्ट्याने घट्ट बांधावी आणि तिच्या टोकांस व्हॅसलीन लावावे. बंद काळातही ती महिन्यातून एकदा चार्ज करावी. इंजिन सुरू होताच मागील नळीतून थंडाव्याचे पाणी बाहेर पडते की नाही, ते प्रत्येक वेळी पाहावे. ज्या होडीवर स्वयंपाक होतो तेथे गॅसची टाकी उघड्यावर ठेवावी. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो व ठिणगी पडताच पेट घेतो.

निघण्यापूर्वी होडीवर पुढील वस्तू असल्याची खात्री करावी :

१. जितकी माणसे तितकी जीवरक्षक जाकिटे, तीही हाताशी.
२. नांगर व दोर. दोराची लांबी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट.
३. डिझेलची जादा गाळणी, रबरी पंखा, पट्टा, नळीच्या पकडी व पॅकिंग.
४. पाने, पेचकस, पक्कड व पंख्यातील जाळे कापण्यास धारदार सुरी.
५. हाताने चालणारा पंप व बादली.
६. तळाच्या प्रत्येक छिद्रापाशी बांधलेले मऊ लाकडाचे बूच.
७. कोरडी पावडर भरलेले अग्निशामक नळकांडे, विजेरी व शिटी.
८. बिनतारी संच, पाण्यापासून जपलेला मोबाईल फोन.

तटरक्षक दलाचा मदत क्रमांक १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन्ही होडीच्या आतील बाजूस रंगाने ठळक लिहून ठेवावेत.

इंजिन बंद पडल्यास

मुखाशी किंवा दांड्याजवळ इंजिन बंद पडल्यास प्रथम नांगर टाकावा व नंतर इंजिनाकडे पाहावे. हा क्रम कधीही बदलू नये. इंजिन दोन मिनिटांत सुरू होईल या आशेने नांगर न टाकता झाकण उघडून बसणे, हेच पुष्कळ अपघातांचे मूळ असते. याकरिता नांगर जाळ्यांच्या ढिगाखाली न ठेवता नाळेवर मोकळा असावा आणि त्याच्या दोराचे दुसरे टोक कायम बांधलेले असावे. होडी स्थिर झाल्यावर जाकिटे घालावीत, जवळच्या होडीस खूण करावी आणि मग डिझेल, हवा, पाणी व बॅटरी या क्रमाने तपासणी करावी. पंख्यात जाळे गुंतले असल्यास इंजिन पूर्ण बंद केल्याखेरीज कोणीही पाण्यात उतरू नये.

कार्यकर्त्यांनी काय करावे

सागरमित्र व ग्रामपातळीवरील इतर कार्यकर्ते यांनी जूनच्या आरंभी सहकारी संस्थेच्या मदतीने एका होडीवर वरील कामांचे प्रात्यक्षिक घडवून आणावे. शंभर पत्रके वाटण्यापेक्षा एका इंजिनातील हवा सर्वांसमक्ष काढून दाखविल्यास अधिक लाभ होतो. गाळण्या, पॅकिंग व जस्ताचे तुकडे संस्थेने एकत्र खरेदी केल्यास ते स्वस्त पडतील व वेळेवर मिळतील. प्रत्येक होडीसाठी एक साधी वही घालून द्यावी; तीत इंजिन चालल्याचे तास, ऑईल बदलल्याची तारीख व दुरुस्त्या यांची नोंद असावी. ऑईल किती तासांनी बदलावे याबाबत इंजिनाच्या निर्मात्याची पुस्तिका प्रमाण मानावी. तरुण मुलांना वर्सोवा येथील शासकीय मत्स्यव्यवसाय प्रशिक्षण केंद्रातील नौकानयन व सागरी डिझेल इंजिन देखभालीच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाची माहिती द्यावी.

डोलीचे काम भरती-ओहोटीच्या वेळेशी बांधलेले असते. पाणी फिरण्याच्या वेळी होडी जाळ्यापाशी पोचली नाही तर ती खेप हातची गेली, आणि वलांडीवर घालावयाचे बोंबीलही गेले. एका गाळणीची किंमत अशा एका बुडालेल्या खेपेशी ताडून पाहिल्यास हिशेब कोणासही समजेल. किल्ल्याच्या होडीत तर शाळेची मुले व आजारी माणसेही बसतात. तरी नाखवा व तांडेल बंधूंनी यंदा होडी ओढताच पहिल्या आठवड्यात ऑईल, गाळणी व रबरी पंखा ही तीन कामे हातावेगळी करावीत आणि उरलेल्या कामांची यादी वहीत लिहून ठेवावी.