कांडीतला वळू

गाय दोनदा-तीनदा उलटली, म्हणजे रेतनानंतर गाभण राहिली नाही, की बोल तिलाच लागतो. खनिज मिश्रण द्या, जंताचं औषध पाजा, पिशवी तपासून घ्या. वळूची चौकशी कोणी करत नाही. कशी करणार, गोंदियातल्या गोठ्यात तो येतो तोच कांडीत बसून. पाव मिलिलिटरची कांडी, आत साधारण दोन कोटी शुक्रजंतू, मुक्काम उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनात.

कांडी बाहेर पडण्याआधी तिची परीक्षा होते. गोठवलेलं वीर्य वितळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की निम्मे शुक्रजंतू तरी पुढे धावताना दिसायला हवेत. पण नुसतं धावून गाय गाभण राहत नाही. २०१४ मध्ये जर्मन संशोधकांनी फ्लेकफी जातीचे काही वळू तपासले. शुक्रजंतूंची संख्या, चाल, आकार, सगळं ठाकठीक. तरी शंभर रेतनांमागे दोन गायीही गाभण राहत नव्हत्या! दोष निघाला टीएमईएम ९५ नावाच्या जनुकात. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली की वळू वाया. पुढे उंदरांवरच्या प्रयोगांत कारण उलगडलं: या जनुकाचं प्रथिन नसलेला शुक्रजंतू अंड्याला जाऊन चिकटतो, पण त्यात मिसळत नाही. सूक्ष्मदर्शकाला हे कुठून दिसणार? जनुकाची चाचणी मात्र गोऱ्हा लहान असतानाच करता येते, वर्षानुवर्षं त्याला पोसण्याआधी.

इतकी सरळ खूण क्वचितच मिळते. बहुतेक वळू पूर्ण नापीक नसतात, उणे-अधिक असतात. १९९३ मध्ये अमेरिकेत होल्स्टीन वळूंच्या वीर्यद्रवात चार प्रथिनं सापडली. त्यांतली दोन प्रथिनं चांगल्या वळूंत जास्त, उरलेली दोन कमकुवत वळूंत. अशा खुणा दुसऱ्या जातीला लागू पडतीलच असं नाही. आपल्याकडे तर संकरित वळूंतच निकृष्ट वीर्याची तक्रार मोठी आहे.

विदर्भातल्या धानाच्या चिखलात राबणाऱ्या कठाणी गायीची स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ते २०२३ मध्ये जाहीर झालं. तिच्या वळूंसाठी खुणा शोधायच्या तर आधी वही हवी: कोणत्या वळूची कांडी, कोणती गाय, गाभण राहिली की उलटली. त्या वहीत माजाची वेळ आणि कांडी वितळवल्याचं तापमानही लिहावं लागेल. ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची कांडी कोणी खिशात ऊब देऊन वितळवली, तर उत्तम वळूही नापासच ठरेल.