आठवण नसेल, तर नातं कुणाचं?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकपाशी थांबलो होतो. आज त्याला बरोबर घेऊन जपानला जायचंय. निमित्त आहे 'फर्स्ट लव्ह: हात्सुकोई' ही नऊ भागांची मालिका. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ती नेटफ्लिक्सवर आली. दिग्दर्शन युरी कान्चिकु यांचं. हिकारू उताडा यांची दोन गाणी, एक १९९९ चं आणि दुसरं २०१८ चं, हा तिचा आधार. नावही त्या दोन गाण्यांचंच. 'हात्सुकोई' म्हणजे पहिलं प्रेम. माझ्या नातीने मला ती बळेबळेच बघायला बसवलं. वाटलं, शाळकरी प्रेम, ताटातूट, पुन्हा भेट; यात आपल्यासारख्याने काय बघायचं? तिसऱ्या भागानंतर मीच म्हणालो, "पुढचा लाव."

गोष्ट थोडक्यात सांगतो. शेवटही सांगावा लागेल, त्याबद्दल आधीच माफी मागतो. होक्काइडो बेटावरची याए आणि हारुमिची शाळेत असताना एकमेकांच्या प्रेमात पडतात. तिला हवाईसुंदरी व्हायचंय, त्याला वैमानिक. पुढे याएला अपघात होतो आणि तिच्या स्मृतीतून हारुमिची पुसला जातो. वीसेक वर्षांनी ती साप्पोरोत टॅक्सी चालवतेय, घटस्फोट झालाय, एक मुलगा आहे. तो हवाई दलातून बाहेर पडून सुरक्षारक्षकाची नोकरी करतोय. दोघं पुन्हा भेटतात. त्याला सगळं आठवतंय, तिला काहीच नाही.

आता लॉकला बोलवू. १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने आपल्या ग्रंथाला एक प्रकरण जोडलं. त्यात तो म्हणतो, देह तोच असला म्हणजे 'मनुष्य' तोच. पण 'व्यक्ती' तीच राहते ती जाणिवेच्या सलगपणामुळे. भूतकाळाचा एखादा तुकडा जाणिवेतून कायमचा गेला, तर त्या तुकड्यापुरती ती व्यक्ती मी नव्हे. हे मान्य केलं तर हारुमिचीने ज्या मुलीवर प्रेम केलं ती आता नाहीच! टॅक्सी चालवणारी बाई तिच्यासारखी दिसते, एवढंच.

तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, सर, हे तर आपलं शाकुंतल झालं. बरोबर आहे. तिथेही एकजण विसरतो आणि एकीला आठवतं. पण फरक बघा. शकुंतला दरबारात जाऊन आपला हक्क सांगते, आणि तिने सांगायलाच हवा. पोटात मूल आहे. हारुमिची मात्र हक्क सांगत नाही. 'मी कोण ते आठव' असा लकडा तो तिच्यामागे लावत नाही. आज समोर जी बाई आहे, तिच्याशी तो नव्याने ओळख करून घेतो.

यात एक अडचण आहे, ती लपवू नये. त्याला दोघांचं सगळं ठाऊक, तिला काहीच नाही. हा डाव सरळ नाही. तरीही पुढे काय होतं ते महत्त्वाचं. जुनं गाणं कानावर पडून तिची स्मृती परत येते, पण तोवर तिचा जीव त्याच्यावर जडलेला असतो. म्हणजे आठवण प्रेमाच्या मागून आली. लॉकच्या हिशेबात ही नोंद कुठे करायची?

इथे जपानी भाषाच मदतीला येते. माणसाला जपानीत 'निन्गेन' म्हणतात आणि तो शब्द दोन चिन्हांनी लिहितात: एक 'माणूस', दुसरं 'मधली जागा'. तेत्सुरो वात्सुजी या विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञाने आपलं नीतिशास्त्र याच शब्दावर उभं केलं. माणूस आधी एकटा असतो आणि मग नाती जोडतो, असं तो मानत नाही. माणूस असतो तोच दोघांच्या मधल्या जागेत. तसं असेल, तर एकाची स्मृती गेली म्हणून ती जागा लगेच रिकामी होत नाही. दुसरा ती काही काळ सांभाळू शकतो.

हे मला का भिडलं, ते सांगतो. माझी मोठी बहीण, आमची अक्का, गेली तीन वर्षं मला ओळखत नाही. मी गेलो की तिची परीक्षा घ्यायचो: "सांग बघू, मी कोण?" ती कावरीबावरी व्हायची. मी स्वतःला सांगायचो, तिची स्मृती जागी करतोय. खरं तर मी वसुली करत होतो. माझं तिच्या आयुष्यातलं स्थान मला तिच्याकडून परत हवं होतं.

आता विचारत नाही. तिच्याशेजारी बसून मटार सोलतो. दाणे वाटीत टाकताना ती मधूनच हसते. जन्मभर मला 'अरे-तुरे' करणारी अक्का परवा निघताना म्हणाली, "तुम्ही पुन्हा या हं."

म्हटलं, "येतो."

लॉक चुकला, असं मी म्हणत नाही. जबाबदारी आणि शिक्षा यांचा विचार करताना तो लागतोच. तिथे पुढच्या वेळी जाऊ. आज एवढाच प्रश्न घरी घेऊन जा: तुमची आठवण ज्याच्याकडे उरलेली नाही, त्याच्याकडे तुम्ही काय मागायला जाता?