'डिजिटल अरेस्ट' कायद्यात नाहीच; असा कॉल आला तर काय कराल?

बेळगाव : सुरुवात साध्या फोनने होते. तुमच्या आधार नंबरवर बुक झालेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, असं सांगून कॉल 'मुंबई क्राइम ब्रँच'ला जोडला जातो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. पलीकडे खाकी वर्दी, मागे पोलीस ठाण्यासारखी खोली. थोड्या वेळाने सीबीआय किंवा सुप्रीम कोर्टाच्या शिक्क्याचा कागदही मोबाईलवर येतो. कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही, आणि 'तपासणीसाठी' सगळे पैसे दिलेल्या खात्यात भरायचे.

'कुणाला सांगायचं नाही' हीच यातली खरी मेख. शेजारी, पुण्यातला मुलगा किंवा बँकेतला कॅशियर यांच्यापैकी कुणाच्याही कानावर गेलं तर डाव तिथंच फसतो. म्हणून तर एफडी मोडताना बँकेत काय सांगायचं, तेही हे भामटे पढवून ठेवतात.

असली अटक भारतीय कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनीही हेच सांगितलं. पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, तपासणीसाठी पैसेही मागवत नाहीत.

सीमाभागात आणखी एक अडचण होते. प्रकरण मुंबईचं म्हटल्यावर खानापूर किंवा निपाणीच्या ठाण्यात विचारून काय उपयोग, असं वाटतं. विचारायचं तिथंच! १९३० ही हेल्पलाइन देशभर चालते. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवलं, तर 'झिरो एफआयआर' हा शब्द उच्चारा.

पैसे गेलेच असतील तर उद्यावर ढकलू नका. चोरटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात भराभर फिरवतात. १९३० वर तक्रार लवकर पोचली, तर वाटेत उरलेली रक्कम बँकेला गोठवता येते. व्यवहाराचा यूटीआर नंबर, कॉलचा नंबर आणि स्क्रीनशॉट जवळ ठेवा. लाजेपोटी चॅट डिलीट करणारे बरेच असतात. पुरावा तोच असतो.

लग्नसराईत व्हॉट्सअ‍ॅपवर येणाऱ्या पत्रिकाही नीट बघा. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. फाइलच्या नावाशेवटी 'एपीके' असेल तर ते अ‍ॅप आहे. इन्स्टॉल करून परवानगी दिली की ते तुमचे मेसेज वाचतं, बँकेचा ओटीपीसुद्धा.